जास्वंदीवरचा मिलीबग हटत नाहीये + झुडपांवरच्या बाकी किडी, सगळं इथेच बोलू

कुंदकळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आता धागा काढायची वेळ आलीये. जास्वंदीच्या झुडपांना मिलीबगने पार घेरलंय. शेंड्यांना आणि पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस, कोवळी पानं आखडलेली, कळ्या धरतात पण उमलायच्या आधीच टपाटपा गळतात, आणि खालची पानं हाताला चिकट लागतात नि त्यावर काळी काजळी धरलीये ती वेगळीच. नीमतेल मारून झालं, साबणाचं पाणी मारून झालं, थोडे दिवस बरं दिसतं आणि मग परत जैसे थे. आता बाजूच्या तगरीकडे आणि गुलाबाकडे पण सरकेल की काय अशी धास्ती आहे. उपटून टाकायला जीव होत नाही, झाडं जुनी आहेत.

बाकी कोणाच्या झुडपांवर काय काय उच्छाद चाललाय तेही इथेच लिहा, म्हणजे एका जागी राहील.

खुरपं
दोन प्रश्न. खोडावर मुंग्या चढतायत का? आणि फवारा पानांच्या वरून मारता की खालून?

कुंदकळी
मुंग्यांची तर रांगच असते कायम. पण त्या मिलीबग खातात ना? मग बरंच आहे की. फवारा वरून, जिथे दिसेल तिथे.

खुरपं
खात नाहीत हो, राखतात! इथेच सगळी मेख आहे. जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

मिलीबग, मावा, खवलेकीड, पांढरी माशी ही सगळी रस शोषणारी मंडळी. झाडाच्या रसात साखर भरपूर पण अंगाला लागणारी नत्राची द्रव्यं कमी, म्हणून पुरेसं मिळवायला त्यांना ढिगाने रस ओढावा लागतो आणि नको असलेली साखर मागच्या बाजूने बाहेर पडते. तुमच्या पानांना चिकट लागतंय ते हेच. मुंग्या येतात त्या या गोडासाठी, आणि मग ढालकिडे, क्रायसोपाच्या (जाळीदार पंखांचा हिरवा किडा) अळ्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी माश्या असं जे कोणी मिलीबगवर उठतं त्याला हुसकावून लावतात. मुंग्या चालू असेपर्यंत तुम्ही काहीही मारा, मदतीला कोणी येत नाही.

काळी काजळी म्हणजे त्या साखरेवर वाढणारी बुरशी. पानाच्या आत शिरत नाही, ओल्या फडक्याने पुसली की निघते. त्यासाठी बुरशीनाशक आणून मारायच्या फंदात पडू नका, गोड थेंब बंद झाले की ती पण बंद.

आता फवारणी का फसते ते. मोठ्या मादीच्या अंगावर मेणाची पूड असते, पाणी त्यावरून घरंगळून जातं. आणि तो जो कापूस दिसतो ना, बऱ्याचदा त्यात मादीची अंडी असतात, एकेका पिशवीत शेकड्याने, तिथे साबण आत पोचतच नाही. मरतात कोण, तर नुकतीच निघालेली पिल्लं. टाचणीच्या टोकापेक्षा बारीक, पिवळट किंवा गुलाबीसर, अंगावर मेण नाही, आणि तीच फिरत फिरत नवीन जागा शोधतात. म्हणजे आज जे होतं ते मेलं आणि पुढच्या आठवड्यात कापसातून नवी पलटण बाहेर. त्यामुळे एकदा जोरदार फवारून काही होत नाही, सात-आठ दिवसांनी परत, परत, परत असं पिल्लं दिसायची थांबेपर्यंत करावं लागतं आणि तेही पानांच्या खालून, बेचक्यातून, सालीच्या फटीतून.

आणि फवारणी शेवटी. आधी कात्री. जे शेंडे पूर्ण पांढरे झालेत ते सरळ छाटा, छाटतानाच पिशवीत टाका, तोंड बांधून उन्हात ठेवा. कंपोस्टमध्ये नाही. मग पाण्याचा जोरदार फवारा, मग खोडावर जुना दातांचा ब्रश आणि साबणपाणी. एवढं करून जे उरेल त्याच्यासाठी औषध.

अंगणवेल
खुरपं +१. मुंग्यांसाठी खोडाला पट्टी बांधा. आधी कागदी टेप किंवा कापड घट्ट गुंडाळायचं आणि त्याच्यावर चिकट लेप. थेट सालीवर ग्रीस वगैरे चोपडू नका, साल खराब होते. आणि पट्टी बांधून निवांत बसू नका, एखादी फांदी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली असली की मुंग्यांना पूल मिळालाच म्हणून समजा, तेवढी फांदी छाटायची.

वारूळ शोधूनही न सापडणाऱ्यांसाठी: साखरपाण्यात बोरिक अॅसिड, पण एक टक्क्याच्या आत. जास्त टाकलं की मुंगी वाटेतच मरते, कमी असेल तर ती घरी नेऊन बाकीच्यांना भरवते. झाकणाला भोक पाडलेल्या डबीत ठेवा, पोरंबाळं आणि कुत्री-मांजरं यांचा हात-तोंड लागणार नाही अशा जागी.

सरळसोट
एवढा कुटाणा कशाला करता राव. इमिडाक्लोप्रिड मुळाशी ओता, झाड स्वतःच शोषून घेतं, जो रस पिईल तो मेला. वर्षभर बघायला नको. तुमचं ते नीमतेल म्हणजे मनाचं समाधान.

अंगणवेल
सरळसोट, रस पिईल तो मरतो हे खरंच, पण तेच औषध फुलातल्या मधात आणि परागात पण उतरतं. जास्वंदीवर मधमाश्या येतात, शिंजीर येतो, त्यांनी काय घोडं मारलंय? युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिन्हींचा उघड्यावरचा वापर बंद केला तो मधमाश्यांपायीच. आणि लिंबू, कढीपत्ता असलं खायचं काही असेल तर तिथे घरच्या घरी असली आळवणी करायचा विचार पण नको.

सरळसोट
मी खायच्या झाडाला म्हटलंच नाही. शोभेच्या झाडाबद्दल बोलतोय. सगळ्या रसायनांना राक्षस ठरवायची फॅशन झालीये.

खुरपं
रसायन म्हणजे पाप असं माझंही मत नाही. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन पण रसायनच आहे. पण इमिडाक्लोप्रिडचं आणखी एक लफडं आहे ते लेबलवर ठळक छापलेलं नसतं. लाल कोळ्यावर (पानांचा रस शोषणारा धुळीच्या कणाएवढा आठपायी जीव) ते चालत नाही, आणि ते वापरल्यावर कोळी उलट वाढल्याचं बऱ्याच झाडांवर नोंदवलं गेलंय. मिलीबग गेला नि कोळी आला, मग कोळ्यासाठी वेगळं औषध. शिवाय एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की त्याला पुरून उरणारी पिढी तयार होते, मावा याबाबतीत फार तरबेज आहे. वापरायचंच असेल तर फुलं नसताना, लेबलवर लिहिलंय तेवढंच, आणि दर वेळी तेच नाही.

नवशिकी_माळीण
वाचतेय, छान माहिती. एक बेसिक प्रश्न, हसू नका. नीमतेल पाण्यात टाकलं की वर तरंगतं, कितीही हलवा. मग ते मारायचं कसं?

पाचोळा
हसायचं काय त्यात, निम्म्या लोकांचं नीमतेल इथेच वाया जातं.

एक लिटर कोमट पाणी घ्या. त्यातलं थोडं वेगळ्या भांड्यात काढून १-२ मिली द्रवरूप साबण ढवळा, त्यात ५ मिली नीमतेल घालून दुधाळ होईपर्यंत फेटा, मग हे उरलेल्या पाण्यात. वर तेलाचे तवंग दिसत असतील तर मारू नका, ते थेंब पानावर पडून डाग जाळतात. फवारतानाही पंप मधूनमधून हलवत राहायचं. बनवलेलं त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवून उपयोग नाही.

वेळ संध्याकाळची. दोन कारणं, उन्हात तेलाने पान भाजतं आणि अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर मोडतं. झाड तहानलेलं असेल तर आधी पाणी घाला, फवारणी दुसऱ्या दिवशी. पहिल्यांदा मारत असाल तर एकाच फांदीवर मारून एक-दोन दिवस बघा.

अपेक्षा पण नीट ठेवा. नीमतेल मारल्या मारल्या कीड टपकन पडत नाही. अझाडिरॅक्टिनने तिचं खाणं मंदावतं आणि कात टाकायचं चक्र बिघडतं, म्हणून पिल्लांवर चालतं, म्हाताऱ्यांवर फारसं नाही. बाटली घेताना अझाडिरॅक्टिन किती पीपीएम ते लिहिलेलं बघा. काही तेलांतून ते काढून घेतलेलं असतं, ती नुसती तेलं, अंगावर बसून कीड गुदमरवणारी. त्यांचाही उपयोग आहे पण काम वेगळं.

साबणाबद्दल: भांड्यांचा, कपड्यांचा साबण नको, त्यातली डिटर्जंटं पानावरचं मेण धुऊन काढतात. पोटॅशवाला मऊ साबण मिळतो बागेसाठी, एक-दोन टक्के. तो ओला असेपर्यंतच मारतो, वाळला की संपला त्याचा प्रभाव. पाणी जड असेल तर त्याची साय होते, तेव्हा पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी.

नवशिकी_माळीण
धन्स पाचोळा! आता माझं गाऱ्हाणं. गुलाबाच्या पानांच्या कडेला एकदम व्यवस्थित गोल काप आहेत, रोज एखादं पान वाढतं. अळी शोधून दमले, पानाखाली बघितलं, रात्री टॉर्च घेऊन बघितलं, काही नाही. नीमतेल मारू का?

अंगणवेल
अज्जिबात नको. ती पानकापी मधमाशी. पान खात नाही, तुकडा कापून नेते आणि घरट्यात अंड्यासाठी त्याची खोली बनवते. अळीने खाल्लेली कड वेडीवाकडी असते आणि आसपास लेंड्या सापडतात, हिचा काप साफ अर्धगोल. गुलाबाला त्याने काही होत नाही. पाच-दहा पानं गेली तर गेली.

नवशिकी_माळीण
अय्या! मग राहू दे तिला.

टोपलंभर
आमच्याकडे गुलाबावर मावा. कळीच्या देठाला हिरव्या ढेकणांची नुसती रेलचेल. मला प्रश्न असा आहे की काल चार होते आणि आज चारशे कुठून आले?

खुरपं
माव्याची मादी नराशिवाय पिल्लं देते, अंडी नाही, सरळ चालती पिल्लं, आणि ती आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः आया होतात. गर्दी झाली की पंखवाले जन्मतात आणि शेजारच्या झाडावर जातात. सुदैवाने मावा हा सगळ्यात लेचापेचा. पाण्याचा जोरदार फवारा सकाळी सकाळी मारा, खाली पडलेले बहुतेक परत वर चढू शकत नाहीत. एक-दोन दिवसाआड करा. खत काय घालताय? नत्राचा मारा असेल, म्हणजे युरिया वगैरे, तर तो आधी थांबवा, लुसलुशीत फुटवा म्हणजे माव्याला आमंत्रण.

आणि मारण्याआधी भिंग घेऊन बघा. फुगलेले, तपकिरी-सोनेरी, हलत नसलेले मावे दिसतील, काहींच्या पाठीला गोल भोक. त्यांच्या आत परोपजीवी माशीची अळी वाढलेली असते, भोक असलेले म्हणजे माशी बाहेर पडून गेलीसुद्धा. असे बरेच दिसले तर काही करू नका, काम चालू आहे. केसाएवढ्या बारीक दांड्यावर एकेक पांढरं अंडं उभं दिसलं तर ते क्रायसोपाचं, त्यालाही हात नको.

सरळसोट
गुलाबावर माझ्याकडे पानं फिकट ठिपकेदार होऊन गळतायत, खाली बारीक जाळी. नीट काही दिसत नाही.

पाचोळा
फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. धुळीचे कण पडतील, त्यातले चालायला लागले तर लाल कोळी. बोटाने चिरडलं की लालसर रेघ उमटते. हा कीटक नाही, आठ पायांचा आहे, म्हणून कीटकनाशकं बऱ्याचदा वाया जातात. (मुळाशी काही ओतलं होतंत का, असं विचारत नाही 😀) कोरडी गरम हवा आणि धुळकट पानं त्याला मानवतात. पानांची खालची बाजू धुणं हाच पहिला उपाय, रोज, आठवडाभर. नाहीच आटोपला तर पाण्यात विरघळणारं गंधक, पण पारा ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा नको, आणि तेल मारल्यावर किमान दोन आठवडे तरी नको, दोन्ही एकत्र आले की पानं करपतात.

सरळसोट
ओतलं होतं. बरं, धुतो पानं.

कुंदकळी
मंडळी, अपडेट आणि तातडीचा प्रश्न. छाटणी केली, पट्टी बांधली, मुंग्या खाली घुटमळतायत. साबणपाणी पण पानांखालून चालू आहे. पण आज खोडावर मिलीबगच्याच कळपात वेगळेच मोठ्ठे मिलीबग दिसले. अंगभर पांढऱ्या झिपऱ्या, नेहमीच्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट लांब, आणि चक्क तुरुतुरु पळतात. ही कुठली नवीन जात? चिमटा घेऊन उभी आहे.

खुरपं
थांबा!!! चिमटा खाली ठेवा.

मिलीबग पळत नाही. तो चालला तर अगदी सावकाश, आणि बहुतेक वेळ सोंड खुपसून जागेवर. पळणारा झिपरा म्हणजे क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी असणार. एक अळी काडीवर घेऊन उलटी करा, पुढच्या भागाला सहा ठसठशीत पाय दिसतील, झिपऱ्यांच्या खालचं अंग पिवळट-राखाडी. मग परत ठेवा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. ती कापसात डोकं खुपसून अंडी खाते, जिथे आपलं कुठलंच औषध पोचत नाही. दिसायला भक्ष्यासारखी असल्यामुळे मुंग्याही काहीशा फसतात म्हणे, आणि माणसं तर हमखास, बिचारीला मिलीबग समजून चिरडतात. प्रौढ किडा छोटा, काळपट, डोकं आणि शेपटीकडचं टोक नारिंगी.

हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९१ साली आल्बर्ट कोबेल या कीटकतज्ज्ञाने तो कॅलिफोर्नियाला पाठवला. त्याच्या आधी, १८८८ मध्ये, त्यानेच तिथल्या लिंबूवर्गीय बागा खाऊन टाकणाऱ्या कापशी खवलेकिडीवर दुसरा ढालकिडा पाठवला होता, रोडोलिया, आणि त्याने वर्ष-दीड वर्षात ती कीड आटोक्यात आणली. तेव्हापासून क्रिप्टोलेमस जगभर मिलीबगवर सोडला जातोय, विकत पण मिळतो. तुमच्याकडे आपण होऊन आला, मुंग्या हटल्या म्हणून.

कुंदकळी
बघितलं!! खरंच खात होती. पांढरा कापूस हलत होता आणि आत तिचं डोकं. उलटी केली तर पाय दिसले. आता साबणपाणी बंद करू का?

खुरपं
त्या फांद्यांवर बंद, साबणाला शत्रू-मित्र कळत नाही. जिथे अळ्या नाहीत तिथे सगळं झाड भिजवत बसू नका, कापसाचे गुच्छ दिसतील तेवढ्यांवर कापूस-काडीने ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. आणि थोडे मिलीबग शिल्लक दिसले तर दिसू देत, सगळे संपले तर अळ्या उपाशी मरतील आणि प्रौढ किडे उडून जातील.

पाचोळा
कुंडीत असेल तर कुंडीची कड आणि खालची भोकं पण बघा, तिथे दडून बसतात. आणि झाड उगाच मलूल वाटत असेल तर एकदा मातीचा गड्डा अलगद काढून मुळं बघा, मुळांवर राहणारे मिलीबग पण असतात, वरून काही पत्ता लागत नाही.

टोपलंभर
व्हर्टिसिलियमबद्दल कोणीच बोललं नाही?

अंगणवेल
चालतं की. ती बुरशी आहे, रस शोषणाऱ्या किडीच्या अंगावर रुजते आणि तिला मारते. फक्त हवेत दमटपणा हवा, कोरड्या उन्हाळ्यात पैसे पाण्यात. जवळपास बुरशीनाशक मारलेलं नको, ते तिलाच मारेल. आणि पाकिटावरची मुदत बघून घ्या, जिवंत माल आहे.

मोगरावेडी
अवांतर होत नसेल तर, मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून वाळतायत, काहींना बारीक गोल भोक, दोन-तीन कळ्या जाळ्याने एकमेकींना चिकटलेल्या. मिलीबग नाही, मावा नाही.

पाचोळा
कळी पोखरणारी अळी. कळी उघडून बघा, आत हिरवट बारीक अळी, डोकं काळं. ती आत असेपर्यंत वरून मारलेलं काहीच लागत नाही. खराब कळ्या रोज वेचा, चिकटलेले गुच्छ पण, खाली पडलेल्या पण, आणि पिशवीत बंद. नव्या कळ्या धरताना संध्याकाळी बीटी फवारा, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जीवाणूचं औषध. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, म्हणून ती कळीत शिरायच्या आधी कळीवर असलं पाहिजे, आणि उन्हाने लवकर निकामी होतं म्हणून आठवड्याने परत. माव्या-मिलीबगवर बीटीचा काडीचा उपयोग नाही, ते रस ओढतात, पान खात नाहीत.

मोगरावेडी
आत्ता उघडून बघितली, आहे हिरवी अळी, काळं डोकं. पण बाजूलाच लिंबाचं झुडूप आहे, त्यावर फुलपाखराच्या अळ्या आहेत, त्या मला ठेवायच्यात. बीटीने त्या पण जातील ना?

पाचोळा
जातील. अळी कुठली ते बीटी बघत नाही. वारा नसताना फवारा, नोझल मोगऱ्याजवळ धरून, आणि लिंबाला तेवढा वेळ जुनी चादर घाला. वाळलं की काढा.